ध्यानाला सोबत हवी

दहा दिवसांचं ध्यान-शिबिर करून घरी आलेला माणूस पहिला आठवडाभर पहाटे चारला उठतो. पुढच्या आठवड्यात चारचे साडेपाच होतात. मग पाहुणे येतात, मुलाची परीक्षा येते, एक दिवस चुकतो, पाठोपाठ चार चुकतात आणि दोन-तीन महिन्यांत बसायची उशी कपाटावर जाते. 'आपल्यात चिकाटीच नाही' असं म्हणून तो स्वतःला बोल लावतो. खरं तर यात चिकाटीचा वाटा थोडाच असतो. शिबिरात उठवायला घंटा होती, जेवण आयतं होतं, फोन कार्यालयात जमा होता आणि आजूबाजूला पुष्कळ माणसं डोळे मिटून बसली होती. घरी यातलं काहीच नसतं. म्हणून ध्यानाची पद्धत शिकताना सोबतही जमवावी लागते. ती कशी शोधायची, तिच्यात कसं राहायचं आणि तिची पारख कशी करायची, हे आधीच माहीत असलेलं बरं.

उदान या पाली ग्रंथात मेघिय नावाच्या भिक्खूची गोष्ट आहे. तो त्या काळात बुद्धांच्या सेवेत होता. नदीकाठची एक आमराई त्याला फार आवडली आणि तिथे एकट्यानेच ध्यानाला बसावं असं त्याच्या मनात आलं. दुसरा कुणी भिक्खू येईपर्यंत थांब, असं बुद्धांनी सांगितलं. त्याने तिसऱ्यांदा विचारल्यावर मात्र जाऊ दिलं. आमराईत बसल्यावर मेघियाच्या मनात वासनेचे, द्वेषाचे आणि हिंसेचे विचार एकामागून एक येऊ लागले. तो चकित होऊन परत आला. मन परिपक्व व्हायला काय लागतं, हे बुद्धांनी त्याला सांगितलं तेव्हा यादीत पहिलं नाव होतं कल्याणमित्राचं, म्हणजे हिताकडे नेणाऱ्या सोबत्याचं. त्यानंतर शील, धम्मावरचं बोलणं, उद्योग आणि प्रज्ञा. हा पाया सांगून झाल्यावर त्यांनी आणखी काही साधना सांगितल्या. त्यात द्वेषावर मैत्री होती आणि भरकटणाऱ्या विचारांवर आनापानसती.

महाराष्ट्रात आज नवशिक्याला बहुधा याच दोन साधनांपासून सुरुवात करायला सांगतात. तेव्हा आधी त्या पाहू.

आनापानसती : श्वासापाशी परत येणं

जागा ठरवा. वन-रूम-किचनमध्ये वेगळी खोली मिळणार नाही, पण भिंतीकडे तोंड करून बसायला दोन फूट जागा मिळते. वेळ घरातल्यांना विचारून ठरवा. नळाला पाणी यायची वेळ, डब्याची वेळ, लोकलची वेळ यांच्या आड येणारं ध्यान चार दिवसांच्या वर चालत नाही. सुरुवातीला वीस मिनिटं पुरेत.

मांडी घालून बसायचं असेल तर सतरंजीची किंवा घोंगडीची जाड घडी बुडाखाली घ्या, म्हणजे गुडघे खाली टेकतात आणि पाठीला बाक येत नाही. गुडघे दुखत असतील तर सरळ खुर्चीवर बसा, पाय जमिनीला टेकवा. खुर्चीवरचं ध्यान कमी प्रतीचं असतं, हा समज सोडून द्या.

त्रिरत्न बौद्ध महासंघाच्या केंद्रांमध्ये ही साधना चार टप्प्यांत शिकवतात. पहिल्या टप्प्यात श्वास बाहेर गेला की मनात 'एक' म्हणायचं, पुढचा बाहेर गेला की 'दोन'. असं दहापर्यंत जाऊन पुन्हा एकवर यायचं. दुसऱ्या टप्प्यात श्वास आत येण्याआधी आकडा म्हणायचा. तिसऱ्यात मोजणं सोडून नुसतं श्वासाचं येणं-जाणं पाहायचं. चौथ्यात नाकपुडीपाशी, जिथे श्वासाचा स्पर्श पहिल्यांदा जाणवतो, तिथे लक्ष ठेवायचं. प्रत्येक टप्प्याला पाच मिनिटं. मोजता मोजता सतरावर पोचलात, किंवा चारनंतर थेट गॅसच्या नंबरात शिरलात, तर चिडू नका. पुन्हा एकपासून सुरू करा. हे परत येणं हाच व्यायाम आहे.

सत्यनारायण गोएंकांच्या परंपरेत मोजत नाहीत, शब्दही वापरत नाहीत; नाकाच्या दारापाशी नैसर्गिक श्वास जसा आहे तसा पाहायला सांगतात. दोन्ही रीती आपापल्या जागी चांगल्या आहेत. एक धरा आणि निदान सहा महिने तीच करा. सोमवारी ही, मंगळवारी ती आणि बुधवारी यूट्यूबवरची तिसरी, असं करणाऱ्याचं मन कुठेच स्थिर होत नाही.

झोप सगळ्यांनाच सतावते. बुद्धांच्या दोन प्रमुख शिष्यांपैकी एक असलेल्या मोग्गल्लानालाही साधनेच्या काळात डुलक्या येत. त्यावर बुद्धांनी त्याला सांगितलेले उपाय अगदी साधे आहेत : कान ओढ, अंग चोळ, डोळ्यांवर पाणी मार, आकाशातल्या ताऱ्यांकडे बघ, येरझाऱ्या घाल. आणि एवढं करूनही झोप जात नसेल तर उजव्या कुशीवर झोप, उठायची वेळ मनात ठरवून. रात्रपाळी करून आलेल्याने हा शेवटचा उपाय आधी करावा.

मैत्री भावना : माणसं मोजून घेणं

ही साधना पाच टप्प्यांची. आधी स्वतःबद्दल सद्भावना, मग एका जवळच्या मित्राबद्दल, मग ज्याच्याशी ना मैत्री ना वैर अशा माणसाबद्दल, मग ज्याच्याशी पटत नाही त्याच्याबद्दल. शेवटी या चौघांना समान मानून ती भावना गल्ली, गाव, देश अशी सर्व प्राण्यांपर्यंत न्यायची.

माणसांची निवड विचारपूर्वक करा. मित्र म्हणून ज्याच्याबद्दल शारीरिक ओढ आहे अशी व्यक्ती घेऊ नका. दिवंगत व्यक्तीही घेऊ नका, कारण तिथे मैत्रीच्या जागी शोक उभा राहतो. बुद्धघोषांनी विशुद्धिमार्गात हीच सावधगिरी सांगितली आहे. तिसऱ्या टप्प्यासाठी रोज दूध टाकणारा, सोसायटीचा वॉचमन, बसचा कंडक्टर असा कुणी घ्या. हा टप्पा सगळ्यांत कोरडा वाटतो आणि हळूहळू तोच सगळ्यांत जास्त शिकवतो. ज्याचा चेहरा आपण कधी नीट पाहिला नव्हता, त्याला आपण नमस्कार करू लागतो.

चौथ्या टप्प्यात एकदम आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या वैऱ्याला आणून बसवू नका. ऑफिसात फाइल अडवणारा सहकारी सुरुवातीला पुरे. आणि एक गोष्ट स्पष्ट असू द्या : मैत्री भावना म्हणजे अन्याय पोटात घालणं असा अर्थ कुणी सांगत असेल तर तो मानू नका. ज्याने जातीवरून अपमान केला, हक्काची जमीन बळकावली, हात उगारला, त्याच्याविरुद्ध तक्रार जरूर करा, कोर्टात जा. द्वेषाने स्वतःचं मन जळू नये एवढ्यासाठी ही साधना आहे. तिच्यामुळे लढाई सोडावी लागत नाही.

सोबत कुठे मिळेल?

सगळ्यांत जवळची जागा म्हणजे वस्तीतलं बुद्ध विहार. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची धम्मदीक्षा झाली, त्यानंतर महाराष्ट्रात अशी विहारं गावोगाव उभी राहिली. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतच्या वर्षावासात अनेक विहारांत बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाचं वाचन चालतं. कित्येक ठिकाणी वंदना होते, वाचन होतं, पण ध्यान होत नाही. अशा ठिकाणी तक्रार करत बसण्यापेक्षा वाचनाआधी पंधरा मिनिटं शांत बसायचं सुचवा. सतरंजी अंथरलेलीच असते आणि माणसं जमलेलीच असतात.

दुसरी वाट विपश्यनेची. ब्रह्मदेशात सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे शिकून गोएंका १९६९ साली भारतात आले आणि पुढे इगतपुरीला धम्मगिरी उभं राहिलं. दहा दिवसांच्या शिबिरांना फी नसते. शिबिर पूर्ण केलेल्याने इच्छा असेल तर दान द्यायचं. केंद्रांच्या आसपासच्या गावांत-शहरांत जुन्या साधकांच्या साप्ताहिक सामूहिक बैठका असतात. शिबिराहून आल्यावर त्यांचा पत्ता पहिल्याच आठवड्यात काढा.

तिसरी वाट त्रिरत्नची. मूळचे इंग्रज असलेले संघरक्षित बाबासाहेबांना प्रत्यक्ष भेटलेले होते आणि बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाची बातमी आली त्या दिवशी नागपुरातच होते. त्यांनी १९६७ साली लंडनमध्ये ही बौद्ध चळवळ सुरू केली. १९७८ साली त्यांचे शिष्य लोकमित्र पुण्यात आले आणि चळवळीने इथे मूळ धरलं. दापोडीचं महाविहार, भाजे लेण्यांजवळचं शिबिरकेंद्र, नागपूरचं नागलोक या तिच्या ठळक जागा. इथे भर मैत्रीवर आहे : साप्ताहिक वर्ग, छोटे अभ्यासगट, कल्याणमित्राशी मोकळं बोलणं.

ज्याला आधी वाचून घ्यायचं आहे त्याने धर्मानंद कोसंबींचा 'समाधिमार्ग' मिळवावा. गोव्यातल्या साखवाळ गावचा हा माणूस पाली शिकण्यासाठी घरदार सोडून श्रीलंका आणि ब्रह्मदेशापर्यंत गेला आणि समाधीच्या साधनांवर त्याने मराठीत लिहून ठेवलं. आपल्या भाषेत ही पुंजी शंभरेक वर्षं पडून आहे.

पहिल्या शिबिराला जाताना

कधीच बसला नसाल तर थेट दहा दिवसांना जाण्याआधी रोज थोडं बसायची सवय करा, शक्य असेल तर एखादं शनिवार-रविवारचं शिबिर करा. दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरात पहाटे चारला उठायचं असतं, दिवसाला सुमारे दहा तास बसायचं असतं आणि दहाव्या दिवसापर्यंत आर्य मौन असतं. बोलणं, खाणाखुणा, फोन, वाचन, लिहिणं सगळं बंद. हे आधी घरी नीट सांगा. अत्यावश्यक प्रसंगी निरोप कुठे द्यायचा तो क्रमांक भिंतीवर लावून जा. सैल कपडे, शाल, टॉर्च आणि नेहमीची औषधं बरोबर घ्या.

औषधांचा मुद्दा महत्त्वाचा. नैराश्य, तीव्र चिंता, भास होणं किंवा इतर मानसिक आजारासाठी उपचार चालू असतील तर अर्जात ते लपवू नका आणि जाण्याआधी डॉक्टरांशी बोला. ध्यानाच्या भरात गोळ्या बंद करणं धोक्याचं आहे. शिबिरात भीती वाटू लागली, झोप पूर्ण उडाली, मन ताब्यात राहत नाही असं वाटलं, तर मौन बाजूला ठेवून आचार्यांना लगेच सांगा. सोसत बसणं म्हणजे साधना नाही.

परतल्यावर एक पथ्य पाळा : आठवडाभर कुठलाही मोठा निर्णय घेऊ नका. नोकरी सोडणं, लग्न मोडणं, दागिने दान करणं हे सगळे विचार अकराव्या दिवशी फार सुंदर दिसतात. बायकोला किंवा आईला धम्माचं प्रवचन देणंही टाळा. तुम्ही दहा दिवस शांत बसला होतात, तेव्हा घर त्यांनी सांभाळलं होतं.

एका छपराखाली

काही जणांना पुढे साधकांबरोबर राहावंसं वाटतं. कुणी शिबिरकेंद्रावर सेवेला राहतं, कुणी दोन-चार मित्रांबरोबर एक घर घेतं. इथे खरी परीक्षा सुरू होते, कारण आसनावर बसलेला माणूस सगळ्यांनाच आवडतो, खरकटी भांडी टाकून गेलेला आवडत नाही.

कोसंबी नावाच्या प्राचीन नगरीतल्या भिक्खूंचं भांडण बौद्ध वाङ्मयात प्रसिद्ध आहे. अट्ठकथेनुसार, म्हणजे जुन्या पाली टीकेनुसार, त्याची सुरुवात शौचालयातल्या पाण्यावरून झाली. एका भिक्खूने भांड्यात उरलेलं पाणी तसंच ठेवलं, दुसऱ्याने तो नियमभंग ठरवला. एक होता विनयाचा, म्हणजे संघाच्या नियमांचा, जाणकार, दुसरा धम्माचा प्रवचनकार. दोघांचे शिष्य भिडले आणि संघात दोन तट पडले. स्वतः बुद्धांनी समजावलं तरी ऐकेनात. शेवटी बुद्ध एकटेच निघून गेले. मग कोसंबीच्या उपासकांनी या भिक्खूंना भिक्षा आणि मान देणं थांबवलं, तेव्हा कुठे त्यांचे डोळे उघडले.

कोसंबी सोडल्यावर बुद्ध एका वनात गेले. तिथे अनुरुद्ध, नंदिय आणि किंबिल हे तिघे राहत होते. वनपालाने बुद्धांना ओळखलं नाही. इथे तिघे साधना करतायत, त्यांना त्रास देऊ नका, म्हणून त्याने अडवलं. अनुरुद्धाने ते ऐकलं आणि सोबत्यांना हाक मारली. एकाने चीवर-पात्र घेतलं, एकाने आसन मांडलं, एकाने पाय धुवायला पाणी आणलं. तुमचं जमतं कसं, असं बुद्धांनी विचारलं तेव्हा आपण दुधात पाणी मिसळावं तसे राहतो, असं अनुरुद्ध म्हणाला आणि रोजचा दिवस सांगितला. भिक्षेहून जो आधी येतो तो आसनं मांडतो, प्यायचं आणि वापरायचं पाणी भरून ठेवतो. जो शेवटी येतो तो उरलेलं खातो किंवा योग्य जागी टाकतो, आसनं उचलतो, जेवणाची जागा झाडतो. घागर रिकामी दिसली तर ज्याला दिसेल तो भरतो. एकट्याला उचलत नसेल तर हाताने खूण करून दुसऱ्याला बोलावतो, मौन मोडत नाही. आणि दर पाचव्या रात्री तिघे रात्रभर धम्मावर बोलत बसतात.

एकीकडे पाण्यावरून संघ फुटला, दुसरीकडे पाणी भरता भरता तिघांचं जमलं. एकत्र राहणाऱ्यांना यातून सरळ नियम काढता येतात. कामं वाटून घ्या, पण 'ज्याला दिसेल तो करेल' ही मुभा ठेवा. वेळापत्रकाच्या कागदावर नाव दुसऱ्याचं आहे म्हणून सिंक तुंबू देऊ नका. किराणा, वीजबिल, गॅस यांचा हिशेब एका वहीत, सगळ्यांना दिसेल असा लिहा. पाहुणे, फोन, रात्री दिवे बंद करायची वेळ यांबद्दल पहिल्याच आठवड्यात बोलून घ्या. आठवड्यातून एक संध्याकाळ अशी ठेवा की त्या दिवशी कामाचं बोलणं नाही, फक्त साधनेचं आणि एकमेकांच्या बऱ्या-वाईटाचं.

आणि प्रत्येकाला त्याचा कोपरा द्या. आपल्याकडच्या लेण्यांत ही व्यवस्था अजून दिसते. भाज्याला किंवा कान्हेरीला विहार नीट पाहा : मध्ये सर्वांचा मंडप, कडेने लहान लहान खोल्या, कित्येक खोल्यांत झोपायला दगडी ओटा, बाहेर पाण्याची पोढी. एकांत आणि सहवास दोन्हींची सोय दगडातच केलेली आहे. एकत्र राहायचं म्हणजे चोवीस तास एकमेकांच्या तोंडावर राहायचं, असा गैरसमज करून घेतलेली घरं लवकर मोडतात.

चूक कशी सांगावी

रुसवे धरले जातात, कुजबूज होते, गट पडतात. यावर जुना उपाय आहे. दुसऱ्याची चूक दाखवण्याआधी स्वतःला पाच गोष्टी विचारायला बुद्धांनी सांगितलं आहे : वेळ योग्य आहे का? सांगतो ते खरं आहे का? शब्द मऊ आहेत का? ऐकणाऱ्याचं त्यात हित आहे का? मनात मैत्री आहे का, की राग काढायचाय? पाचही उत्तरं 'हो' आली तरच बोला, आणि ज्याच्याबद्दल बोलायचं त्याच्याशीच बोला. दुसऱ्यांदा तोच मुद्दा तिसऱ्याच माणसापाशी निघाला तर ती कागाळी झाली.

ऐकणाऱ्यासाठीही रीत आहे. वर्षावास संपताना भिक्खू पवारणा करतात : माझं काही चुकलेलं पाहिलं, ऐकलं किंवा शंका आली असेल तर सांगा, अशी विनंती प्रत्येक जण संघाला करतो. वयाने आणि मानाने मोठा असलेलाही करतो. आपल्या गटातल्या ज्येष्ठाला असं विचारायची सवय आहे का, हे पाहून गटाची प्रकृती कळते.

डोळे उघडे ठेवून

सोबत हवी म्हणून कुठलीही चालत नाही. वीमंसक सुत्तात तर खुद्द तथागताचीही पारख करून घ्या, असं बुद्ध सांगतात. तेव्हा आजच्या गुरूने परीक्षेला चिडण्याचं कारण नाही. पुढच्या गोष्टी दिसल्या तर सावध व्हा : प्रश्न विचारला की श्रद्धा कमी असल्याचा शिक्का, दानाचा तगादा आणि हिशेब गुलदस्त्यात, घरच्यांशी आणि जुन्या मित्रांशी संबंध तोडायचा आग्रह, शिक्षकाचे शिष्यांशी लैंगिक संबंध, आणि सोडून गेलेल्यांबद्दल फक्त वाईट बोलणं. नामवंत संस्थाही यातून सुटलेल्या नाहीत. खुद्द संघरक्षितांच्या शिष्यांशी असलेल्या लैंगिक संबंधांवरून त्रिरत्नमध्ये बरीच वर्षं प्रश्न विचारले गेले आणि २०१६ साली त्यांनी निवेदन काढून दुखावलेल्यांची क्षमा मागितली. अशा प्रसंगी संस्था बोलते की झाकते, तक्रार कुणाकडे करायची हे लिहिलेलं आहे का, हे पाहावं. गुन्हा घडला असेल तर तो संघाचा अंतर्गत मामला राहत नाही, पोलिसांकडे जावं.

आणखी एक कसोटी आहे. विनयात एका आजारी भिक्खूचा प्रसंग येतो. अतिसाराने तो स्वतःच्या घाणीत पडून होता. तो आपल्या काही उपयोगाचा नाही म्हणून कुणी त्याच्याकडे बघत नव्हतं. बुद्धांनी आणि आनंदाने मिळून त्याला धुतलं, उचलून खाटेवर ठेवलं, आणि माझी सेवा करायची इच्छा असणाऱ्याने आजाऱ्याची सेवा करावी, असं भिक्खूंना बजावलं. ज्या गटात जाणार आहात तिथे म्हाताऱ्या, आजारी, नोकरी गेलेल्या सभासदाला कोण भेटायला जातं, याची चौकशी करा. उत्तर मिळालं तर पुढे विचारण्यासारखं फारसं उरत नाही.

तीन महिन्यांचा करार

'आता आयुष्यभर ध्यान करणार' अशी प्रतिज्ञा मोडायला वेळ लागत नाही. त्यापेक्षा वर्षावासासारखी तीन महिन्यांची मुदत घ्या. कधीही सुरू करा, पावसाळ्याची वाट पाहायला नको. रोज वीस मिनिटं : एक दिवस आनापानसती, एक दिवस मैत्री भावना. आठवड्यातून एकदा कुणाबरोबर तरी बसा. विहारात, केंद्रात, नाहीतर शेजारच्या एका मित्राबरोबर. पंचशिलांपैकी जे सगळ्यांत जड जातं ते एक निवडून त्यावर लक्ष ठेवा. बहुतेकांच्या बाबतीत ते वाणीचं निघतं. एक कल्याणमित्र ठरवा आणि बसणं चुकलं की त्याला सांगा. कबुली म्हणून मेसेजमधला एक शब्दही पुरतो.

मुदत संपली की किती मिनिटं बसलो, प्रकाश दिसला का, याचा हिशेब मांडू नका. तुमच्याबरोबर राहणाऱ्याला विचारा, बायकोला, नवऱ्याला, आईला, खोलीतल्या जोडीदाराला : 'या तीन महिन्यांत माझं काय खटकलं आणि काही फरक पडला का?' उत्तर येत असताना मध्ये बोलू नका, खुलासा देऊ नका. ते ऐकून पुढच्या तीन महिन्यांत काय बदलायचं ते ठरवा.